धोंडू घाडी खाटेवरून उतरला

आचऱ्यात आमच्या वाडीतले नारळ पंधरा वर्षं धोंडू घाडीच काढायचा. खाली असला की एक शब्द बोलायचा नाही. माडावर चढला की मात्र वरूनच सगळ्यांची चौकशी करायचा. चार वर्षांपूर्वी, श्रावणात, ओल्या झावळीवरून त्याचा हात सुटला. कण्याला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. पाय परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं. घरी मात्र ते कोणी मोठ्यानं बोललं नाही.

पुढची तीन वर्षं धोंडू खाटेवर होता. त्याची बायको शर्मिला दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. तरी पाठीला जखमा झाल्या. कुठल्याशा कार्यक्रमात त्याला एक चाकाची खुर्ची मिळाली होती, फोटोही निघाले होते. पण उंबरा उंच, दार अरुंद, न्हाणीघर मागच्या अंगणात. खुर्ची पडवीतच राहिली.

मी शेजारी, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. आठवड्यातून एकदा जाऊन बसायचो. पेपर वाचून दाखवायचो आणि यायचो.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात कट्टा गावच्या, अपंगांसाठी काम करणाऱ्या 'हातभार' संस्थेची गाडी आली. गाडीतून उतरली गौरजा, तिशीची मुलगी, स्वतः चाकाच्या खुर्चीत. कसालजवळ हायवेवर अपघात होऊन तिचेही पाय गेलेले. सोबतच्या माणसानं तिला उंबऱ्यावरून आत घेतलं. खाटेजवळ येऊन तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "धोंडूदादा, पाठीर जखमा किती आसत?"

धोंडूनं भिंतीकडे तोंड केलं. "माका खुर्ची नको."

"खुर्ची तुमच्याकडे आसाच. पडवीत तिच्यार लाकडा रचलास."

मला हसू आवरलं नाही. धोंडूही किंचित हसल्यासारखा वाटला. मग गौरजानं सांगितलं, की कट्ट्याला पंधरा दिवसांचं शिबिर आहे. खाटेवरून खुर्चीत कसं जायचं, जखमा कशा टाळायच्या, लघवीची नळी स्वच्छ कशी ठेवायची, हे सगळं तिथं शिकवतात. तोवर संस्थेची माणसं दार मोजून रुंद करतील, उंबरा काढतील आणि न्हाणीघरापर्यंत चिऱ्यांचा उतार बांधतील.

"मी थय गेलंय तर हिचा काय?" धोंडू म्हणाला.

शर्मिला दारात उभी होती. ती शांतपणे बोलली. "माझा काय म्हणजे? माका झोप व्हयी."

दुसऱ्या दिवशी धोंडू संस्थेच्या गाडीत बसला.

शिबिरात मी एकदा जाऊन आलो. खाट आणि खुर्ची यांच्यामध्ये फणसाची गुळगुळीत फळी टाकली होती. हातांवर भार घेऊन अंग उचलायचं आणि फळीवरून सरकायचं. धोंडूचे दंड तीन वर्षांत वाळून गेले होते. अर्ध्यावर त्याचा हात घसरला आणि तो खाली गादीवर पडला. त्याचे डोळे मिटलेले होते. गौरजा मात्र खुर्ची पुढे घेऊन म्हणाली, "बरा झाला. जमनीवरसून खुर्चीत कसा चढाचा, ता आज शिकाचाच होता."

त्या दिवशी त्याला जमलं नाही. नवव्या दिवशी जमलं. बाराव्या दिवशी त्यानं स्वतःची आंघोळ स्वतः केली आणि घरी फोन करून शर्मिलाला एवढंच सांगितलं, "न्हालंय."

घरी आल्यावर तो रुंद झालेल्या दारातून घरासमोरच्या खळ्यात येऊन बसू लागला. जाणारा-येणारा थांबून विचारायचा, नारळ काढायला कोणी आहे का? गावात चढणारे उरलेच कुठे आहेत! धोंडू वाडीतल्या तरुण निलेशचं नाव सुचवायचा, शिवाय कोणत्या माडाचा शेंडा कच्चा आहे, कुठं गांधीलमाशांचं पोळं आहे, तेही सांगायचा. गौरजानं हे ऐकलं आणि त्याला त्याच कामाला लावलं. संस्थेनं निलेश आणि आणखी तिघांना शिडीयंत्र पायांना लावून माडावर चढायला शिकवलं. आता आसपासच्या चार वाड्यांचे फोन धोंडूला येतात. कोण कुठं जाणार ते तो ठरवतो. कमरेला पट्टा बांधल्याशिवाय तो कोणालाही माडाला हात लावू देत नाही. याच्यावरून निलेशशी त्याचं दोनदा कडकडून भांडण झालं.

या वैशाखात शर्मिलाच्या माहेरी, कसालला, तिच्या भाच्याचं लग्न होतं. धोंडू पडल्यापासून ती एकदाही माहेरी राहिली नव्हती. निघताना तिनं मला चार वेळा सांगितलं, "गुरुजी, जरा बघा हां."

मी बघायला गेलो तर धोंडू चुलीपुढे खुर्ची लावून पेज ढवळत होता. म्हणाला, "बसा. खातलास?"

आम्ही दोघांनी पेज खाल्ली. मीठ जास्त झालं होतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शर्मिलाचा फोन आला, तेव्हा मी तिथंच होतो. धोंडूनं तो मोठ्या आवाजावर लावला. दुपारी जेवून ती जराशी आडवी झाली होती, ती उठली तेव्हा अंगणात दिवे लागले होते. कोणी हाक मारली नव्हती. घाबरून तिनं फोन लावला होता.

"तुमी बरे आसास ना? जेवलास? पाठ बघितलास?"

"आरशात बघलंय. लालसुद्धा नाय. तू झोपलंस काय गो?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. धोंडूनं फोन कानाशी धरला. मी उठून खळ्याच्या टोकाला गेलो.

थोड्या वेळानं त्यानं हाक मारली. "गुरुजी, ती म्हणता, आणखी दोन दिवस रवतंय."

"मग?"

"मग काय? म्हटलंय, चार रव."