शिसं शोषलेलं शेवाळ कंपोस्टच्या बादलीत

मंडळी, कितीही हात धुतले तरी किळस जात नाहीये, म्हणून लिहितेय.

इथे न्यूझीलंडमध्ये, पामर्स्टन नॉर्थला आमच्या लॅबमध्ये समुद्री शेवाळापासून छोट्या गोळ्या बनवतात. दूषित पाण्यात टाकल्या की त्या पाण्यातलं शिसं शोषून घेतात. आज पाहुण्यांना प्रयोग दाखवला. टाळ्या पडल्या, फोटो झाले.

नंतर चहाचा चोथा टाकायला किचनमधली कंपोस्टची बादली उघडली, तर केळ्याच्या सालींवर त्याच गोळ्या. बुळबुळीत, शिशाने भरलेल्या. हे कंपोस्ट मागच्या वाफ्यात जातं. तिथला सिल्व्हरबीट, म्हणजे पालकासारखी पालेभाजी, आम्ही सगळे घरी नेतो. माझी फ्लॅटमेट तो तिच्या लहान लेकीला भरवते.

"मंदारदादा, हे तू टाकलंस?" मी आमच्या सीनियरला विचारलं.

"अगं, शेवाळच आहे ते. नॅचरल. काही बिघडत नाही, स्वीट अ‍ॅज."

"आणि त्यातलं शिसं?"

"एवढ्याशा तर गोळ्या. काकूबाई आहेस अगदी."

माझ्या प्रयोगांना त्याची मदत लागते. तरी बादली उचलली, घातक कचरा सांभाळणाऱ्या बाईंकडे नेली आणि सगळं सांगितलं. मंदारदादा तेव्हापासून बोलत नाहीये.

चौथीपर्यंत मी घरी आईकडेच शिकले. केर काढला म्हटलं की ती विचारायची, "काढलास, पण टाकलास कुठे?"

स्वच्छ पाण्याचे आमचे फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाइक केलेत. पाण्यातून काढलेलं शिसं कुठे गेलं, हे एकालाही विचारावंसं का वाटलं नाही?