लांडग्याचा आवाज

दूध करपल्याचा वास आला की मी आजही बोरीवलीत ताईच्या बंद दारासमोर उभा असतो.

ताई ऑफिसला गेली होती. तिच्या दोन्ही पोरांना मी चित्रांच्या पुस्तकातली गोष्ट सांगितली. लांडगा आईचा आवाज काढून पिल्लांना दार उघडायला लावतो. मी थेट ताईचाच आवाज काढला, एकदम झकास! मग गॅसवर दूध ठेवून कचरा टाकायला बाहेर गेलो, तर थोरल्या चिऊने आतून कडी लावली.

"चिऊ, मामा आहे गं!"

"लांडगा पण असंच बोलतो!"

आतून करपल्याचा वास आला. धाकटा खोकायला लागला. मी ओरडलो, विनवलं, शेवटी जिन्यातच रडू फुटलं.

कडी निघाली. "लांडगा रडत नाही," चिऊ म्हणाली.

शाळेत गुरुजींपासून सगळ्यांच्या नकला केल्या, पण त्या रडण्याची अजून जमत नाही.