आईची फुंकर

"रिपोर्ट वाईट आहे, पण खरा नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या आईंनी नीट फुंकलंच नाही. पुढच्या आठवड्यात परत करू."

मी माले गावची. आमच्या घरातली पहिली पदवीधर, बी.कॉम., आणि हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. त्या दिवशी मात्र 'खरा नाही' एवढेच दोन शब्द धरून घरी आले.

आईला भातकापणीपासून धाप लागत होती. ओढ्यावरून घरी येताना मध्येच बसायची. डॉक्टरबाईंनी दोन शक्यता सांगितल्या. दमा असेल तर औषधाचा पंप दिल्यावर श्वासनळ्या मोकळ्या होतात, तपासणीतला आकडा वाढतो. सीओपीडी असेल, म्हणजे चुलीच्या धुरानं नळ्या कायमच्या अरुंद झाल्या असतील, तर आकडा फारसा हलत नाही. आईला यंदाही भातलावणीला उतरायचं होतं. त्यासाठी दमाच निघायला हवा होता.

तपासणीचं नाव स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. छाती भरून श्वास घ्यायचा, एका झटक्यात सोडायचा आणि आतलं संपेपर्यंत सोडत राहायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, तो महत्त्वाचा आकडा. त्याला एफईव्ही वन म्हणतात.

पहिल्या वेळी आईनं ती नळी फुंकणीसारखी धरली. अर्धा श्वास, फुगलेले गाल, हळू फुंकर. तपासणारा मुलगा ओरडत होता, "मावशी, जोरात! अजून, अजून!"

आई थांबून म्हणाली, "आरं बाबा, राख उडंल की!"

रांगेतले हसले, मीही हसले. पण तिचं बरोबर होतं. चुलीपाशी छाती भरून श्वास घेतला तर धूरच आत जातो. सारा जन्म ती अर्ध्या श्वासावर फुंकत आली होती.

मग आठवडाभर मी तिला ओट्यावर बसवून, कागदाची सुरळी तोंडात देऊन शिकवलं. शेजारची हौसाकाकू कुंपणावरून विचारायची, "काय गं, म्हातारीला बँडात घालतीस व्हय?"

आई खोकत खोकत म्हणायची, "तुज्या दुसऱ्या लग्नात वाजवाया!"

दुसऱ्या वेळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. फुंकली, आणि काय फुंकली! पडद्यावर तिन्ही फुंकरींच्या रेघा एकमेकींवर बसल्या. "शाब्बास मावशी! हे शिकलेल्यांनाही जमत नाही," मुलगा म्हणाला. मला वाटलं, माझाच चांगला निकाल लागला. मग पंप दिला, थांबवलं, परत फुंकायला लावलं.

पंपानंतरची रेघ पहिलीवरच येऊन बसली. ती रेघ वाचायला मला कुणाची गरज लागली नाही.

डॉक्टरबाईंनी मला एकटीला आत बोलावलं. "आता फुंकर बरोबर आहे, म्हणजे आकडाही बरोबर. त्यांच्या वयाला, उंचीला जेवढा हवा त्याच्या निम्म्याहून कमी. सीओपीडी. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते जपा. चूल बंद. लावणीही नको."

बाहेर बाकावर आई वाट बघत होती. "पास झाले का गं?"

"झालीस," मी म्हणाले.

"मंग लावणीला जाते."

तेव्हा सगळं सांगावं लागलं. परतीच्या एसटीनं पौडचं स्टँड आलं. उतरताना आई म्हणाली, "कशाला शिकवलंस? आदी निदान फुकता येत न्हाई म्हणता येत व्हतं."

तुमच्या घरातलं कुणी या तपासणीला जाणार असेल तर आधी नीट शिकवून न्या. मी अजूनही हेच सांगेन. खऱ्या आकड्यावरच खरं औषध मिळतं. रोजच्या पंपानं आईची खोकल्यानं मोडणारी रात्रीची झोप परत आली, आणि पुन्हा फुंकायला लावणाऱ्या त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

लावणीला आई बांधावर बसली होती, पंप कमरेच्या पिशवीत. चिखलातून हौसाकाकू ओरडली, "काय गं, आज बँड बंद व्हय?"

आईच्या ओठांवर उत्तर आलेलं मला दिसलं. तिनं नुसता हात हलवला. श्वास कुठं खर्चायचा नाही, हे तिला मी शिकवलं नव्हतं.