माशांचा उपास

अनसिंगच्या मारोतरावांचं बूड कधी एका जागी टेकलं नाही. अर्धी भाकर ताटावर, अर्धी गोठ्यात उभ्यानं. कुठं जायचं नसलं तरी मोटारस्टँडावर जाऊन गाडी वेळेवर आली का ते बघून येत, आणि तिला उशीर झाला असला तर आपलाच काही गुन्हा असल्यासारखे मान खाली घालून परतत. बायको गोजराबाई म्हणत, भिंगरी लोकांच्या पायाला असते, यांच्या जिवालाच आहे.

पण सन त्रेपन्नच्या अधिक वैशाखात त्यांना जो घोर लागला, त्यापुढे आधीची सगळी धावपळ म्हणजे विसावाच म्हणायचा.

लेक विजयमाला रिठदला दिलेली. धोंड्याच्या महिन्याचं जेवण घ्यायला ती नवऱ्यासकट येणार होती. लहानपणी तिनं नदीच्या आटत्या डबक्यातून सात रुपेरी मासे घागरीत भरून आणले होते आणि परसातल्या गुरांच्या हौदात सोडले होते. सासरी निघताना ती आईपेक्षा त्या माशांसाठी जास्त रडली. गोजराबाईंच्या मनात ते अजून सलत असे. बापाला मात्र तिनं बजावलं होतं, "बाबा, सात सोडून चाललो. सातच पाह्यजेत मले."

आणि आता हौदाचं पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालेलं. हात घातला की कोपरापर्यंत शेवाळाचे धागे. सात मासे जिवंत आहेत की नाहीत, दिसायचीच सोय नाही.

याला कारण पुण्य. अधिकात माशांना कणकेच्या तेहतीस गोळ्या घालायच्या, हा बायकांचा नेम. नदी ठणठणीत कोरडी, म्हणून साऱ्या गल्लीचं पुण्य मारोतरावांच्या हौदाकडे वळलं. शेजारणींत धुरपताबाई सगळ्यांच्या आधी हजर. तिच्या गोळ्या लिंबाएवढ्या. लहान गोळीचं पुण्यही लहान, असा तिचा हिशेब. मारोतराव अडवणार कुणाला? रांगेत पहिली थाळी घरातलीच असे.

ते विहिरीवरून पाणी शेंदून शेंदून घालत. एक दिवस बरं दिसे, तिसऱ्या दिवशी पुन्हा हिरवं. फुलचंद वाण्याकडची तुरटी फिरवून झाली. चुना टाकायला मूठ उचललीही होती, पण बैल तिथंच पाणी पितात हे आठवलं. तांबडं फुटताना मासे वर येऊन तोंडं उघडत, तेव्हा मारोतराव काठावर ओणवे होऊन मोजत. चार. एकदा पाच. सात कधीच नाहीत.

जावयाच्या पंगतीसाठी आधीच सांगितलेली पळसाची पानं घेऊन तांड्यावरची भुरीबाई आली. हौदात डोकावून ती म्हणाली, "मारोतभाऊ, वरतून ऊन अन् वरतूनच कणीक. शेवाळालेच जेवू घालून राह्यले तुमी. झाका त्याले, अन् खाऊ घालनं बंद करा."

झाकणं सोपं होतं. पण धुरपताबाईचं पुण्य बंद करायचं म्हणजे वाघाच्या तोंडातला घास काढायचा. मारोतरावांनी घर ते गोठा किती खेपा घातल्या, ते बैलांनाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी थाळ्या आल्या, तर हे हौदापाशी हात जोडून उभे.

"बायाहो, माशाईनं अधिकाचा उपास धरला हाय. ज्याले मोडायचा असन त्यानं मोडावा."

 दुसऱ्याचा उपास मोडायचं पाप कोण घेणार? धुरपताबाईनं मात्र विचारलंच, की मासे तुम्हाला बोलले कधी. मारोतराव म्हणाले, चार दिवस तोंड उघडून वर येतात आणि गोळीला शिवत नाहीत, अजून काय बोलावं त्यांनी? ते खरंही होतं. धुरपताबाईनं हौदाला नमस्कार केला आणि गोळ्या वासराला घातल्या. गोजराबाईंना नवऱ्याचं सोंग पहिल्या शब्दालाच कळलं होतं. त्यांनी आपल्या तेहतीस मुकाट्यानं गाईपुढे ठेवल्या.

हौदावर तुराट्यांचा तट्टा पडला. भिंतींवरचं शेवाळ झाडूनं खरवडलं, रोज दहा बादल्या पाणी बदललं. तट्टा उचलायचा नाही असं ठरवून मारोतराव दिवसातून वीसदा उचलत. गल्लीत कुजबुज, की मासे कधीच मेले, म्हातारा मढी झाकून बसलाय.

नवव्या दिवशी रिठदची बैलगाडी आली. जावई पाय धुतो न धुतो, तोच विजयमाला परसात. मारोतराव मागंच राहिले; बैलाची वेसण उगाच सैल करत बसले.

तिनं तट्टा ओढला. तळ स्वच्छ दिसत होता. दिवाळीपासून हरवलेली गोजराबाईंची पळी पण तिथंच. मासे पाच. विजयमालेनं काठावर बांगड्या वाजवल्या. तट्ट्याच्या सावलीतून एक आला. मग बऱ्याच वेळानं आणखी एक.

"सात हायेत," ती म्हणाली. "पन रोडले हो, बाबा."

तिनं घरातून चिमूटभर कणीक आणली. मारोतरावांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न करता हौदाच्या काठावर बसले. मासे वर आले, खाल्लं.

तेवढ्यात कुडावरून धुरपताबाईचं डोकं दिसलं.

"उपास सुटला काय वो, भाऊजी?"

तिच्या पाठीमागं थाळ्या वाजल्या. मारोतराव उठले आणि तट्ट्याकडे धावले.