विमान खोळंबलं आणि मावशी

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी चिंचवडला एका कारखान्यात कारकून होतो आणि थेरगावात एका शेतकऱ्याकडे भाड्यानं राहत होतो. घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणायचो. त्यांचा एकुलता एक मुलगा आमच्याच कारखान्यातला. काम शिकायला त्याला हैदराबादला पाठवलं होतं. एके दिवशी भल्या सकाळी तिथून ट्रंक कॉल आला: पोटाचं ऑपरेशन आजच करायला हवं, आणि हा पठ्ठ्या आई आल्याशिवाय डॉक्टरांना हात लावू देत नाही! साहेबांनी तातडीनं विमानाची दोन तिकिटं काढून दिली, एक मावशींचं आणि सोबतीला म्हणून एक माझं.

लोहगावच्या विमानतळावर पोचलो, तर विमान बिघाड होऊन मुंबईलाच अडकलेलं. "चार-पाच तास तरी जातील," खिडकीतला बाबू म्हणाला. मी तिकिटावरचा बारीक इंग्रजी मजकूर वाचला. उशीर झाल्यास कंपनी जबाबदार नाही, असं स्वच्छ छापलं होतं. छापील इंग्रजी दिसलं की माझी मान आपोआप खाली जायची. मुकाट्यानं बाकावर जाऊन बसलो. आजही त्याची लाज वाटते.

मावशी मात्र पदर खोचून खिडकीशी गेल्या.

"इमान बिघाडलं, त्यात तुजा दोष न्हाई बाबा. पर आमाला तुमीच थांबवलंय न्हवं?"

"बसा मावशी, चहा पाठवतो."

"च्या ऱ्हाऊ दे. आमच्यात इर्जिकीला एकाच्या रानात समद्या गावची औतं येत्यात. काम खोळंबलं तर मालक मान्सांना जेवाय घालतो, आन त्यांच्या घरी सांगावा बी धाडतो. थांबवनाऱ्याचंच काम हाय त्ये. माज्या लेकाला सांगावा धाड."

वायरलेस कंपनीच्या कामापुरता असतो, असा नियम बाबूनं सांगितला. मावशी हटल्या नाहीत. आरडाओरडा नाही, गयावया नाही. नुसत्या खिडकीशी उभ्या. आपला हक्क इतका सरळ मागणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

अखेर बाबू विरघळला. मी लगबगीनं इंग्रजीत सभ्य मजकूर लिहिला. मावशींनी त्याचा अर्थ विचारला आणि कागद बाजूला सारला.

"ह्ये माजं बोलनं न्हाई. लिव त्याला: 'मुडद्या, मी निगालीया. गुमान डाक्टरचं ऐक.'"

बाबूनं ते रोमन अक्षरांत जसंच्या तसं उतरवलं आणि हैदराबादच्या ऑफिसला कळवलं. तिथला शिपाई तो कागद घेऊन दवाखान्यात गेला.

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. ऑपरेशन दुपारीच झालं होतं. "आणखी तासभर अडून बसला असता, तर वाचला नसता," डॉक्टर म्हणाले.

मुलानं डोळे उघडले. "निरोप वाचला आन वळखलं, ही आईच. मग म्हनलं, न्या आता."

मावशींनी त्याचा हात धरला आणि दिवसभर आवरलेलं रडू त्यांना आवरेना.