कोल्ह्याला बोलावताना

मी जर्मनीत गेलो तेव्हा, म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीला, भारतीय माणूस दिसला की लोकांना वाघ आठवायचा. ट्राममध्ये, बेकरीत, केस कापताना, कोणीतरी विचारायचंच की तुम्ही वाघ मारलाय का. मी पुण्याचा. आमच्या घरातली सगळ्यात मोठी शिकार म्हणजे उंदराचा पिंजरा, आणि त्यात सापडलेला उंदीरही वडील नदीपलीकडे सोडून यायचे. सुरुवातीला मी हे खरं सांगायचो. ऐकून लोकांचे चेहरे पडायचे, म्हणून पुढे नुसता हसायला लागलो.

माझ्या घरमालकांनी मात्र वाघाचं नाव काढलं नाही. ते निवृत्त दंतवैद्य होते, सत्तरीला टेकलेले, त्सुफेनहाउझेन या उपनगराच्या पलीकडे एका गावात राहणारे. परदेशी विद्यार्थ्याला तेव्हा खोली मिळत नसे. दार उघडायचं, माझा चेहरा दिसायचा आणि खोली कालच गेलेली असायची. यांनी मला आत बसवलं, कॉफी दिली आणि काय शिकता ते विचारलं. मी म्हणालो, टेक्निशे होखशूलमध्ये, म्हणजे तांत्रिक विद्यापीठात, गिअरबॉक्सच्या आवाजावर डॉक्टरेट करतोय. चाकांचे दात नीट बसले नाहीत की तो कसा ओरडतो, ते मोजायचं काम. "आल्झो, म्हणजे आपण दोघंही दातांच्याच धंद्यातले," ते म्हणाले. मग विचारलं, "तुम्हाला तासन् तास गप्प बसता येतं का?" खोलीसाठी मी शीर्षासनात बसायलाही तयार होतो. हो म्हणालो. त्या दिवसापासून ते माझे 'हेर डोक्टोर' झाले आणि त्यांच्या पत्नी 'फ्राउ डोक्टोर'.

गप्प बसायचं होतं ते मचाणावर. गावाबाहेरच्या जंगलाचा एक तुकडा त्यांनी शिकारीसाठी पट्ट्याने घेतला होता. शेताच्या कडेला, झाडाला टेकून, शिडीवर लाकडी बैठक होती. हिवाळ्यात बर्फ पडलं की दुपारी तिथे जाऊन बसायचं आणि कोल्ह्याला बोलवायचं. बोलवायचं म्हणजे जखमी सशाच्या आवाजाची शिट्टी वाजवायची. भुकेलेल्या कोल्ह्याला वाटतं, कुठेतरी ससा अडकून आक्रोश करतोय, चला, आयतं जेवण. थोडं वाजवायचं आणि मग थांबायचं. थांबून कंटाळा आला की आणखी थांबायचं. हेर डोक्टोर म्हणायचे की वाजवणं कोणालाही जमतं, शिकारी ठरतो तो दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात.

त्यांचे वडील जंगलखात्यात होते. ते कोल्ह्याला असं बोलवायचे की तो थेट बुटांपर्यंत यायचा. लहानपणी वडिलांच्या पाठीआडून हेर डोक्टोरांनी ते पाहिलं होतं. स्वतः त्यांनी हरणं मारली होती, रानडुकरं मारली होती, पण शिट्टीने बोलावून कोल्हा एकदाही आणला नव्हता. तरुणपण दवाखान्यात गेलं, मधली वर्षं युद्धात गेली. आता गुडघे कुरकुरत होते आणि पट्ट्याची मुदत आणखी दोन हिवाळ्यांनी संपत होती. त्यांना एकच कोल्हा हवा होता. "मारला नाही तरी चालेल," ते एकदा म्हणाले, "आला पाहिजे."

शिट्टी त्यांनी स्वतः बनवली होती. शिंगाची नळी आणि आत पेटीच्या सुरात असते तशी पितळी पट्टी. दवाखाना बंद झाला तरी बारीक कानशी त्यांनी जपून ठेवल्या होत्या, आणि तळघरात बसून ती पट्टी घासायचे. मचाणावर पहिल्यांदा त्यांनी ती वाजवली आणि माझ्याकडे वळून हलकेच विचारलं, "कशी वाटली?"

बिनतेलाचा हापसा कोणीतरी घाईने मारावा, तशी वाटली. मला ते नक्की कळत होतं, कारण मी ससा ऐकला होता. त्याच शरदात शेजाऱ्याच्या कुत्र्याने बीटच्या शेतात एक ससा धरला, आणि तो तान्ह्या बाळासारखा रडला होता. हेर डोक्टोरांच्या शिट्टीत बाळही नव्हतं आणि ससाही नव्हता.

मी म्हणालो, "झेर गूट." फार छान.

असं का म्हणालो, ते आमचं घर पाहिलेल्या कोणालाही कळलं असतं. माझे काका दर गुरुवारी अभंग म्हणायचे. सूर कधीच लागला नाही, पण साऱ्या घराने डोळे मिटून मान डोलवायची. मोठ्या माणसाने 'कसं झालं?' म्हणून विचारलं की तो प्रश्न नसतोच, ते ताट पुढे केलेलं असतं, त्यात 'वा' वाढायचं. इथे तर मोठा माणूस, वर घरमालक, वर थर्मासमधली कॉफी आधी मला ओतून देणारा. भीड भिकेची बहीण म्हणतात. मी भीड धरली, आणि भीक त्यांच्या पदरात पडली.

तो सगळा हिवाळा कोल्हा आला नाही. दुसरा हिवाळा आला. दर खेपेला ते वाजवायचे, वळून विचारायचे, आणि मी 'झेर गूट' म्हणायचो. पहिल्यांदा म्हणालो ते भिडेपोटी. नंतर म्हणत राहिलो ते आधी म्हणालो होतो म्हणून.

एकदा जंगलाच्या कडेला कोल्हा दिसला. बर्फावर तांबडा रंग फार उठून दिसतो. तो आमच्याच दिशेने येत होता, आपल्या कामाने, उंदीर हुंगत. हेर डोक्टोरांनी शिट्टी ओठांना लावली. पहिला आवाज निघाला आणि कोल्हा जागच्या जागी थबकला, कान टवकारले आणि आल्या वाटेने पळत सुटला. शिट्टीने आणण्याऐवजी आम्ही त्याला शिट्टीने हाकललं होतं.

"माझं चुकलं," हेर डोक्टोर म्हणाले. "घाई केली मी. वडील असते तर आणखी थांबले असते."

हे ऐकून मी काही बोललो असतो तर आज हे लिहायला बसलो नसतो. आणि ते, आपला धीरच कमी पडतो असं ठरवून, त्या दिवसापासून जास्त वेळ बसायला लागले. लवकर जायचे, अंधार पडू लागेपर्यंत हलायचे नाहीत. नाकाचा शेंडा निळा पडायचा. मी शेजारी पाय आखडून बसायचो आणि मनात म्हणायचो, हा माणूस गारठतोय ते माझ्या दोन शब्दांमुळे. तरी पुढची शिट्टी वाजली की तेच दोन शब्द बाहेर पडायचे.

पुढे मी स्वतःची समजूत घालून पाहिली की मी कोल्ह्यांचा जीव वाचवत होतो, आपला अहिंसेचा संस्कार वगैरे. साफ खोटं. कोल्ह्याचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. तो यावा, असं मलाही फार वाटत होतं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्यांना मचाणावरून उतरता येईना. गुडघे धरले होते. मी त्यांना पाठीवर घेऊन शिडी उतरलो. वाटेत ते माझ्या कानाशी म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून बरं." चार दिवसांत न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी सांगितलं, या वयात बर्फात बसणं बंद. पट्टा पुढे एक फॉरेस्टर घेणार होता. तो भेटायला आला तेव्हा हेर डोक्टोर स्वयंपाकघरात शेगडीजवळ शाल पांघरून बसले होते, फ्राउ डोक्टोर बटाटे सोलत होत्या आणि मी पिंपातले कोळसे बादलीत भरत होतो.

फॉरेस्टरने टेबलावरची शिट्टी उचलली, घडण पाहून खूश झाला आणि फुंकली. फ्राउ डोक्टोरांच्या हातातून बटाटा सुटला. फॉरेस्टर मोठ्याने हसला. "यानं तर कोल्हे पुढच्या गावात पळून जातील," तो म्हणाला.

हेर डोक्टोरांनी आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग पत्नीच्या. फ्राउ डोक्टोर म्हणाल्या, "तळघरातून येणारा आवाज तो हाच? मला वाटायचं, तू पत्रा कापतोस."

मग ते माझ्याकडे वळले. आवाज अगदी शांत होता. "तुम्हाला हे असंच ऐकू येत होतं?"

"हो."

"सुरुवातीपासून?"

"हो, हेर डोक्टोर."

"मला वरचे सूर ऐकू येत नाहीत," ते म्हणाले. "युद्धात तोफांवर होतो, तेव्हापासून. ही शिट्टी वाजवली की मला नुसती हवा ऐकू येते. हे कोणाला सांगायची मला लाज वाटायची. पण तुम्ही आवाजाचा अभ्यास करता म्हणालात, तेव्हा मला वाटलं, आता जमेल. म्हणून तर खोली तुम्हाला दिली. दर वेळी मी तुम्हाला विचारत होतो."

माझ्या हातात कोळशाची बादली होती. ती खाली ठेवावी की धरून राहावं, ते कळेना. तो प्रश्न खरा प्रश्न असू शकतो, त्याला उत्तर हवं असेल, हे त्या दोन हिवाळ्यांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. दिवसभर प्रयोगशाळेत गिअरबॉक्सबद्दल मी बेधडक लिहायचो, हा वाजतो, हा फेकून द्या. एका म्हाताऱ्या माणसाने कान उसने मागितले, तर मी त्याला मान डोलवून दाखवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली. "ना या," ते म्हणाले, म्हणजे असू दे. खोली सोडायला सांगतील असं वाटलं होतं, तेही त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांना पुन्हा जंगलात जायचं नव्हतं, तरी दोन दिवसांनी त्यांनी कानशी तळघरातून वर मागवल्या. फ्राउ डोक्टोर शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या, गवत कापताना पात्यात आलेले ससे त्यांनी लहानपणी ऐकले होते. त्यांना शिकारीचा तिटकारा होता आणि भीड तर माहीतच नव्हती. मी वरच्या खोलीत प्रबंध लिहायला बसायचो आणि खालून ऐकू यायचं. शिट्टी, आणि लगेच त्यांचं "नाइन," म्हणजे नाही. पुन्हा कानस, पुन्हा शिट्टी. "बदक." कानस. "दार." कानस. "नाइन, आणखी वाईट." हेर डोक्टोर एकदाही चिडले नाहीत. एक पट्टी तुटली तर त्यांनी दुसरी कापायला घेतली.

एका दुपारी खाली ससा रडला. माझा हात कागदावर थांबला. पुन्हा रडला, तसाच, शेवटी मोडत गेलेला. मी जिना उतरून धावत स्वयंपाकघरात गेलो आणि दारातूनच म्हणालो, "हेर डोक्टोर, आता बरोबर आहे. अगदी सशासारखी. खरंच."

त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. "डांके," ते म्हणाले, नेहमीच्याच अदबीने आभार मानत. मग ते पत्नीकडे वळले आणि त्यांनी विचारलं, "खरं आहे का हे?"

फ्राउ डोक्टोर हो म्हणाल्या, तेव्हा त्यांनी कानस खाली ठेवली.