उन्हात मुरवलेली सिराह

आमच्या आईने जन्मात दारूचा थेंब चाखला नाही, पण सिराह नावाच्या फ्रेंच द्राक्षांची वाइन तिने जितक्या मायेने सांभाळली तितकी त्या मळ्याच्या मालकानेही सांभाळली नसेल. आणि त्याच मायेने तिची पार वाट लावली.

माझा मोठा भाऊ मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. दिवाळीच्या सुटीत सेलूला घरी यायचा तेव्हा त्याच्या सुटकेसमध्ये कपड्यांत गुंडाळलेली एक बाटली असायची. मळा तोच, साल मात्र दरवेळी वेगळं. "द्राक्षाचे येल तेच राह्यते, पन त्या साली पानी कसं पडलं त्यावर चव बदलते," तो सांगायचा. बाबा शाळामास्तर असले तरी घरची कपाशी होती, त्यामुळे त्यांना हे लगेच पटायचं. चाखायला मात्र ते तयार नसत. जिल्ह्यात दारूबंदी, अंगावर खादी, आणि पोराने घर सोडून समुद्रावर राहावं हे तर त्यांना मुळीच मान्य नव्हतं. "तू कायमचा घरी आला का एक घोट घेईन," एवढंच म्हणत. भाऊही हट्टी. सगळी सालं एक दिवस ओळीने मांडून बाबांना चाखवायचीच, असं म्हणून बाटली ठेवून जायचा.

अशा पाच जमल्या. जाताना तो आईला बजावायचा, "हे जितकी जुनी होते तितकी चांगली होते. जपून ठेवजो."

आईला मुरवायची एकच रीत ठाऊक होती. दर उन्हाळ्यात साखरांब्याच्या बरण्यांशेजारी, मानेला पांढरं फडकं बांधून, बाटल्याही गच्चीवर उभ्या. संध्याकाळी पदराने पुसून खाली. शेजारणीने विचारलं की "जांभळाचा शिरका" म्हणायची. बाटल्या वर-खाली नेणारी मीच. तेव्हा मी बी.ए. झाले होते, हे सांगायला आज लाज वाटते.

एका वर्षी भाऊ दिवाळीऐवजी मे महिन्यात आला. आणखी तीन वर्षांच्या करारावर सही करून आला होता. हे त्याने मला स्टेशनवरून येताना सांगितलं. बाबांना सांगायची त्याची छाती होत नव्हती. घरी हातपाय धुऊन तो गच्चीवर गेला आणि तिथूनच ओरडला, "आई, ह्या काऊन उन्हात ठेवल्या?"

"मुराले," आई खालून म्हणाली.

तो डोक्याला हात लावून बसला. आता घर डोक्यावर घेतो असं मला वाटलं, राग आम्हा दोघा भावंडांच्या नाकावरच. पण बाटल्या घेऊन खाली आला आणि आईचा भाबडा चेहरा पाहून त्याने त्या ओळीने मांडल्या. "चाला, आजच उघडू," म्हणाला. "कोन्ती वाचली ते तरी पाहू."

हे ऐकताच बाबांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि स्वतः उठून दोन पेले आणले. पोरगं कायमचं आलं, असंच त्यांना वाटत असणार.

भावाने पहिलीचा घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. मी बोट बुडवून चाटलं. चिंचेचं पाणी बरं. पाचही तशाच. बाबांनी मात्र एकेक साल शांतपणे चाखलं आणि निबंधाला गुण द्यावेत तशा आवाजात म्हणाले, "एकोणऐंशीची जरा बरी हाये."

भावाला राहवलं नाही. "बाबा, मले परत जा लागते. तीन वर्सं."

"समजलं मले. कायमचा येनारा मानूस एवढीशी बॅग घेऊन येत नाई."

"मंग तुमी घोट घेतला काऊन?"

"तू दर साली माह्यासाठी आनत गेला, अन् मी अट घालून बसलो," बाबा म्हणाले. "अट माही होती, मीच मोडली. तू बिनघोर जाजो."

बाबांचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. भावाने उरलेली एकोणऐंशी दोन्ही पेल्यांत ओतली, आणि दोघांनी ती तोंड वाकडं न करता संपवली.